चेक मालकाच्या नावानं
(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मागच्या बैठकीत एक पोरगा उठला आणि म्हणाला, "शेतीच्या अनुदानाचं आपल्याला काय करायचंय? आपल्या बापजाद्यांकडं जमीन होती कधी? तो प्रश्न सातबारावाल्यांचा. आपण शिष्यवृत्तीवर बोलू, भरतीवर बोलू, अत्याचारावर बोलू." चार टाळ्याही पडल्या. मी गप्प बसलो, कारण विशीत असताना मीही हेच बोलत होतो. आज त्याला उत्तर द्यायला उभा आहे. उत्तर लांबून येणार आहे, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातून. पण सुरुवात माझ्या घरातून करतो.

२०१७ साली मराठवाड्यात आणि विदर्भात गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला. माझ्या बापानं त्या साली गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याचं तीन एकर रान बटईनं केलं होतं. बियाणाचा निम्मा खर्च बापाचा, फवारणीचा निम्मा खर्च बापाचा, राबणं सगळं बापाचं आणि आईचं. बोंड फोडलं की आत अळी. पंचनाम्याला माणसं आली. बाप बांधावर उभा राहून एकेक बोंड फोडून दाखवत होता. साहेबानं एवढंच विचारलं, "सातबारा कुणाच्या नावावर आहे?" विषय संपला. भरपाई मालकाच्या खात्यात गेली. बाप विचारायला गेला, तर मालक म्हणाला, "अरे, ती जमिनीची भरपाई असते. तुझी कशी असंल?"

नुकसान बापाचं आणि भरपाई जमिनीची! कर्ज काय जमिनीनं काढलं होतं?

बरेच दिवस मला वाटायचं, ही आमच्या गावाची नालायकी. मग मी अमेरिकेतल्या काळ्या बटईदारांबद्दल वाचायला लागलो. वाचता वाचता कळलं की हे काही आमच्या घरचं दुखणं नव्हे. ही पद्धत आहे. घासूनपुसून तयार केलेली, कायद्यात बसवलेली, शिक्के मारलेली पद्धत. आणि तिचा पुरा इतिहास एका काउंटीत सापडतो.

अमेरिकेत राज्याच्या खाली काउंटी असते. आपल्या जिल्ह्यासारखा कारभार, पण आकार बहुतेक ठिकाणी तालुक्याएवढा. मिसिसिपी नदीच्या बाजूचा जो सपाट, सुपीक पट्टा आहे त्याला डेल्टा म्हणतात. त्या डेल्टात एक सनफ्लॉवर काउंटी आहे. सूर्यफूल! नाव केवढं गोड. पीक मात्र कापसाचं, आणि वेचणारे हात काळे.

१८६५ साली गुलामी संपली. गुलामांना चाळीस एकर जमीन देऊ असं एका लष्करी हुकुमानं दक्षिणेच्या किनारपट्टीवर सांगितलं गेलं, आणि त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सननं ती जमीन जुन्या मालकांना परत केली. मग स्वातंत्र्य मिळालेला माणूस जगणार कशावर? त्याच मालकाच्या रानात बटईनं. त्याला तिकडं शेअरक्रॉपर म्हणत. घर मालकाचं, खेचर मालकाचं, दुकान मालकाचं, हिशोबाची वही मालकाची. वर्षभर उधारीवर खायचं आणि वर्षाच्या शेवटी मालक सांगणार, तुझ्याकडंच बाकी निघते. आपल्याकडच्या सालगड्याची उचल ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको.

आता सरकार येतं. १९३३ साल. मंदी. कापसाचा भाव मातीमोल. रूझवेल्टच्या सरकारनं मे महिन्यात शेतीचा कायदा केला. पिकं कमी लावा, माल कमी होईल, भाव चढेल. आणि रान पडीक ठेवल्याबद्दल सरकार पैसे देईल. त्या वर्षीचा कापूस तर उभा होता. मग सुमारे एक कोटी एकर उभा कापूस नांगरून टाकला. पाटावरून चालायची सवय लागलेली खेचरं कापसाच्या झाडांवर पाय ठेवेनात, अशी गोष्ट तेव्हा सगळीकडं सांगितली जायची. जनावराला जे कळलं ते सरकारला कळलं नाही.

पैसे कुणाला? इथं नीट कान द्या. १९३४-३५ च्या करारात कापसाच्या एका पौंडामागं साडेचार सेंट ठरले होते. त्यातले साडेतीन सेंट जमिनीचं भाडं म्हणून पुरे मालकाचे. उरला एक सेंट, तो मालक आणि बटईदार यांच्यात निम्मा-निम्मा. म्हणजे मालकाला चार सेंट आणि राबणाऱ्याला अर्धा. आठास एक! आणि तो अर्धा सेंटसुद्धा मालकाच्या हातून. मालक म्हणणार, तुझ्या उधारीत वळता केला.

यापेक्षा वाईट पुढं आहे. रान पडीक ठेवायचं म्हटल्यावर बटईदार कशाला हवा? पैसे जमिनीवर मिळणार होते, माणसावर नाही. मालकांनी बटईदारांना हाकलायला सुरुवात केली. काहींनी त्यांना रोजंदारीवर आणलं, कारण रोजंदारीवाल्याला अर्धा सेंटही द्यावा लागत नव्हता. सरकारनं गरिबीवर औषध म्हणून दिलेला पैसा गरिबाला घराबाहेर काढायच्या कामी आला.

लोक गप्प बसले नाहीत. जुलै १९३४ मध्ये शेजारच्या आर्कान्सा राज्यात टायरोन्झा गावाजवळ काळ्या आणि गोऱ्या बटईदारांनी एकत्र बसून युनियन काढली, सदर्न टेनंट फार्मर्स युनियन. दक्षिणेत काळा आणि गोरा एका खोलीत बसून संघटना काढतो ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. त्यांना मारहाण झाली, सभा उधळल्या, घरांवर गोळ्या चालल्या. वॉशिंग्टनमध्ये खात्यातल्याच काही तरुण वकिलांनी कराराचा अर्थ लावला की, मालकानं आहे त्याच बटईदारांना ठेवलं पाहिजे. फेब्रुवारी १९३५ मध्ये त्या वकिलांनाच कामावरून काढलं. चांगले अधिकारी नसतात असं मी म्हणत नाही. असतात. ते टिकत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, कायदा वर वॉशिंग्टनात झाला, मग खाली काउंटीत कुणी राबवला? काउंटी कमिटीनं. लोकशाहीची केवढी गोंडस कल्पना! शेतकऱ्यांनीच शेतकरी निवडायचे. तीन जणांची कमिटी. कुणी किती एकर कापूस लावायचा ते ती ठरवणार. तक्रार ती ऐकणार. कचेरी चालवणारा माणूस तीच नेमणार. कागदावर बटईदारालाही मत होतं. पण ज्याच्या घरात राहतो, ज्याच्या दुकानातून पीठ आणतो, त्याच्या विरोधात मत टाकून सकाळी कुठं जाणार? १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मिसिसिपीत या काउंटी कमिट्यांवर एकही काळा माणूस नव्हता. १९६४ च्या डिसेंबरात विद्यार्थी चळवळीच्या पोरांनी काळ्या शेतकऱ्यांना या निवडणुकीत उभं केलं, तेव्हा दमदाटी झाली, अटका झाल्या, डोकी फुटली. तीन माणसांच्या शेती कमिटीसाठी डोकी का फोडतात? कारण पैशाचा नळ तिथं होता. आमची पोरं आमदारकीकडं बघत बसतात आणि गावातली सोसायटी मालकाच्या पोराकडं बिनविरोध जाते.

आता सनफ्लॉवर काउंटीतली दोन माणसं बघा.

पहिला, जेम्स इस्टलँड. डॉड्सव्हिल गावाजवळ जवळजवळ सहा हजार एकरांचा मळा. अमेरिकेच्या सिनेटचा सभासद. १९५६ पासून १९७८ पर्यंत सिनेटच्या न्यायसमितीचा अध्यक्ष, म्हणजे काळ्यांच्या हक्काचं बिल आलं की त्याच्यावर बसून राहायचं काम. आणि हाच माणूस सिनेटच्या शेती समितीवरही. नियम करणारा तो, घेणारा तो. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच्या मळ्याला वर्षाला लाखाहून जास्त डॉलर सरकारी पैसा मिळत होता.

दुसरी, फॅनी लू हेमर. जन्म १९१७. बटईदाराच्या घरातलं विसावं लेकरू. सहा वर्षांची असताना कापूस वेचायला लागली. त्याच काउंटीत रूलव्हिल गावाजवळच्या मळ्यात १८ वर्षं काम केलं. ३१ ऑगस्ट १९६२ ला ती मतदार म्हणून नाव नोंदवायला इंडियनोलाला गेली. कारकुनानं राज्यघटनेचं एक कलम पुढं टाकलं, याचा अर्थ सांग. कापूस वेचणाऱ्या बाईला घटनेचा अर्थ विचारायचा आणि नापास करायचं! संध्याकाळी घरी आली तर मालक दारात. नाव मागं घे, नाहीतर मळा सोड. त्याच रात्री तिनं मळा सोडला. पुढं जून १९६३ मध्ये विनोनाच्या तुरुंगात तिला असं मारलं की जन्मभर शरीर दुखत राहिलं.

हे इंडियनोला लक्षात ठेवा. मे १९५४ मध्ये काळ्या-गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवता येणार नाहीत असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, आणि जुलैत याच गावात गोऱ्या प्रतिष्ठितांनी पहिली सिटिझन्स कौन्सिल काढली. बुरखे नाहीत, जळते क्रूस नाहीत. कोट, टाय आणि बँकेची वही. जो हक्क मागेल त्याचं कर्ज बंद, काम बंद, उधारी बंद. आपल्याकडं याला सरळ शब्द आहे: बहिष्कार.

आणि त्याच हिवाळ्यात, १९६२ च्या, शेजारच्या लेफ्लोर काउंटीच्या कारभाऱ्यांनी केंद्र सरकारकडून येणारं गरिबांचं धान्य वाटायचं बंद केलं, कारण काळे लोक मतदार नोंदणीला जायला लागले होते. हजारो लोक उपाशी. मालकांचा चेक मात्र एक दिवस अडला नाही. दोन्ही पैसा सरकारचाच. एकाला भीक म्हणायचं आणि दुसऱ्याला धोरण.

१९६० च्या दशकात वेचणीची मशिनं आली, तणनाशक आलं. फेब्रुवारी १९६७ पासून शेतमजुरांना किमान वेतन लागू झालं, तासाला एक डॉलर. मालकांनी हिशोब केला. पडीक रानाचे पैसे सरकार देतंय, मशीन आहे, मग तासाला डॉलर कुणाला द्यायचा? आईबापांनी ज्या झोपड्यांत जन्म काढला त्या रिकाम्या करायला लावल्या. जानेवारी १९६६ मध्ये अशीच बेघर झालेली माणसं ग्रीनव्हिल इथल्या रिकाम्या हवाई तळाच्या बराकीत शिरून बसली. आम्हाला अन्न द्या, काम द्या, जमीन द्या. त्यांना सैनिक पाठवून बाहेर काढलं.

ही माणसं गेली कुठं? शहरात. १९१० पासून १९७० पर्यंत सुमारे साठ लाख काळी माणसं दक्षिण सोडून गेली. शिकागो, डेट्रॉइट, ओकलंड. ह्यूई न्यूटन जन्मला लुइझियानात, बॉबी सील टेक्सासात. दोघांची घरं दक्षिणेतून ओकलंडला आलेली. १९६६ साली त्यांनी तिथं ब्लॅक पँथर काढली, आणि १९७२ साली मुंबईतल्या आपल्या पोरांनी तेच नाव उचललं. आपण त्यांचं नाव घेतलं, त्यांची मूठ घेतली. पण ती माणसं शहरातल्या वस्तीत कुठल्या वाटेनं आली हे फारसं विचारलं नाही. ज्या वाटेनं तुमचे-माझे आईबाप आले त्याच. खेड्यात राबायला जागा होती, नावावर काही नव्हतं. म्हणून शेतीचं अनुदान हा शहरातल्या झोपडपट्टीचा प्रश्न आहे. झोपडपट्टी तिथंच सुरू होते.

१९७० साली अमेरिकेत ओरड झाली की, कोट्यधीशांना सरकारी पैसा कशाला? म्हणून कायदा झाला, एका माणसाला एका पिकामागं ५५,००० डॉलरच्या वर नाही. मोठ्या मळेवाल्यांनी काय केलं असेल? ओळखा बघू. बरोबर. जमीन कागदावर वाटली. बायकोच्या नावानं, पोराच्या नावानं, ट्रस्टच्या नावानं, कंपनीच्या नावानं. या फांद्या फुटलेल्या कागदी मळ्याला तिकडं नावच पडलं, 'मिसिसिपी ख्रिसमस ट्री'. १९८७ साली ते छाटायला वेगळा कायदा करावा लागला. आपल्या महाराष्ट्रात १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा झाला तेव्हा रातोरात किती वाटण्या झाल्या ते आपल्या म्हाताऱ्यांना विचारा. देश वेगळा, भाषा वेगळी, अक्कल तीच.

फॅनी लू हेमरनं दुसरी वाट धरली. १९६९ मध्ये तिनं ४० एकरांवर फ्रीडम फार्म काढलं, सहकारी. भाजीपाला पिकवायचा, भुकेल्या घरांना द्यायचा. डुकरांची बँक होती. एका घराला मादी द्यायची, तिला पिलं झाली की काही बँकेला परत, ती पुढच्या घराला. पुढं आणखी ६४० एकर घेतलं. पण सगळा संसार मुख्यतः देणग्यांवर. पाऊस-पाणी, कर्ज, कर, तिचं आजारपण. १९७० च्या दशकाच्या मध्यात ते शेत गेलं. १९७७ मध्ये ती गेली. एकाच काउंटीत सिनेटरचा मळा सरकारी चेकवर उभा आणि मजुरांचं सहकारी शेत देणग्यांच्या झोळीवर. मग वर्तमानपत्रवाले लिहिणार, यांना शेती जमत नाही.

ज्या काळ्यांकडं स्वतःची जमीन होती त्यांचं काय झालं? १९२० साली अमेरिकेत नऊ लाखांहून जास्त काळे शेतकरी होते. १९९७ च्या गणनेत ते एकोणीस हजारांच्याही खाली आले. कर्जाचा अर्ज काउंटी कचेरीत पडून राहायचा. पेरणी उलटल्यावर मंजूर व्हायचा. तक्रार केली तर १९८३ साली रेगनच्या राज्यात तक्रारी तपासणारी शाखाच बंद केलेली. अखेर १९९७ मध्ये टिमथी पिगफर्ड आणि इतर काळे शेतकरी शेती खात्याविरुद्ध कोर्टात गेले. १९९९ मध्ये तडजोड झाली. बहुतेकांना ५०,००० डॉलर. हजारो अर्ज उशिरा आले म्हणून बाहेर राहिले. त्यांच्यासाठी २०१० मध्ये सव्वाशे कोटी डॉलर काढले. पैसा मिळाला, खरं आहे. पण ५०,००० डॉलरमध्ये गेलेली जमीन परत येत नाही. चांगला ट्रॅक्टरसुद्धा येत नाही.

२०२१ मध्ये बायडनच्या सरकारनं काळ्या आणि इतर डावललेल्या शेतकऱ्यांचं सरकारी कर्ज माफ करायला सुमारे चारशे कोटी डॉलर मंजूर केले. गोरे शेतकरी कोर्टात गेले: हा आमच्यावर अन्याय! जूनपर्यंत कोर्टांनी ते थांबवलं, २०२२ मध्ये कलमच रद्द झालं. त्याऐवजी वंशाचा उल्लेख न करता, ज्यांच्यावर भेदभाव झाला त्यांना मदत अशी योजना आली, आणि २०२४ मध्ये सुमारे दोनशे कोटी डॉलर ४३,००० हून जास्त लोकांना वाटले. जुलै २०२५ मध्ये खात्यानं जाहीर केलं की आता वंश बघणार नाही. नव्वद वर्षं एक रंग बघून पैसे दिले आणि दुसरा रंग दारात आला तेव्हा यांना रंग दिसेनासा झाला. "आम्ही जात मानत नाही" म्हणणारे लोक तुमच्या ऑफिसात असतीलच.

आणि सनफ्लॉवर काउंटी? २०२१ मध्ये तिथल्या सहा काळ्या शेतमजुरांनी दावा लावला. मालकानं दक्षिण आफ्रिकेतून गोरे मजूर आणले, आम्हीच त्यांना काम शिकवलं, आणि त्यांना आमच्यापेक्षा जास्त मजुरी. आज कापसाबरोबर सोयाबीन आहे, मका आहे. मशीन नवं आहे. बांधावर उभा असलेला माणूस तोच आहे.

आता परत त्या पोराकडं येतो. बाबा, तू म्हणतोस आपल्याकडं जमीन नाही म्हणून अनुदान आपला प्रश्न नाही. मी म्हणतो, म्हणूनच तो आपला प्रश्न आहे. पीएम किसान २०१९ मध्ये सुरू झाली, वर्षाला ६,००० रुपये. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये त्यावर आपले ६,००० टाकले. कुणाला? ज्याचं नाव जमिनीच्या कागदावर त्याला. बटईनं करणारा बाद. मजूर बाद. बापाच्या नावावर काही नाही म्हणून आईचं तर नावच निघत नाही. गायरानावर बापजाद्यांपासून घाम गाळणारा अजून अतिक्रमणवालाच. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह करून तुरुंग भरले ते याच कागदासाठी.

कुणी सांगेल की दुसरं करता येत नाही. खोटं आहे. ओडिशानं २०१८-१९ च्या कालिया योजनेत भूमिहीन कुटुंबांना धरलं होतं. आंध्रात २०११ मध्ये कायदा करून कसणाऱ्या कुळाला कर्जासाठी कार्ड दिलं. अपुरं आहे, अडखळत चाललं, पण सरकारच्या हातांना हे लिहिता येतं एवढं तरी सिद्ध झालं.

म्हणून यापुढं कुठलीही योजना आली की तीन गोष्टी विचारायच्या. पैसा कुणाच्या नावानं निघतो? यादी करणाऱ्या कमिटीत कोण बसलंय? आणि हा पैसा आल्यावर रानातून बाहेर कोण जाणार आहे? पहिल्या दोन गोष्टींचं उत्तर कचेरीत मिळतं. तिसऱ्याचं उत्तर कुठंच लिहिलेलं नसतं, ते आपल्या घरातच असतं.

सुट्टीत गावाकडं जाल तेव्हा एक काम करा. नुसतं जयंतीच्या मिरवणुकीत नाचून परत येऊ नका. ग्रामपंचायतीत जाऊन लाभार्थ्यांची यादी मागा. गावात बटईनं, मक्त्यानं कोण कोण करतो त्यांची नावं वहीत उतरवा. किती एकर, किती वर्षं, कुणाचं रान. दोन याद्या शेजारी ठेवा. पुढच्या बैठकीला मला भाषण नको, त्या वह्या पाहिजेत. माझ्या गावची मी आणतो. त्यात पहिलं नाव माझ्या बापाचं असेल, तीन एकर, २०१७, भरपाई शून्य.

जय भीम!